कावळा, तित्तर आणि भुलावणीचा पक्षी : वऱ्हाडच्या माळावरील एका विद्येचा इतिहास

(१)
महाराष्ट्रातील अनेक गावांत पीक राखण्याची एक जुनी रीत आहे. मेलेला कावळा दोरीने बांधून काठीला उलटा टांगतात. पहिल्या तासाभरात जे घडते ते टांगणाऱ्याच्या हेतूच्या नेमके उलटे असते. परिसरातील झाडून सारे कावळे तिथे जमतात, घिरट्या घालतात आणि आकाश डोक्यावर घेतात. मग हळूहळू पांगतात आणि त्यानंतर बरेच दिवस त्या तुकड्याकडे फिरकत नाहीत. शेतकऱ्याला हवा असतो तो हा दुसरा परिणाम. बंदूकवाल्याला हवा असतो तो पहिला.

(२)
एकच मेलेला कावळा आधी बोलावणे ठरतो आणि नंतर बुजगावणे. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : पक्षी काय पाहतो, कशाला भितो आणि कशासाठी धावून येतो, याची माणसाला असलेली जाण. या जाणिवेवर जगभर शिकारीची एक स्वतंत्र विद्या उभी राहिली. इंग्रजीत तिच्या साधनाला ‘डिकॉय’ म्हणतात. पिंजरा या अर्थाच्या डच शब्दावरून तो आला असे मानतात. मराठीत त्याला भुलावणीचा पक्षी म्हणता येईल. या विद्येचा वऱ्हाडातील, विशेषतः बुलढाण्याच्या माळावरील इतिहास म्हणजे पक्ष्यांइतकाच माणसांचाही इतिहास आहे.

(३)
कावळा मेलेल्या कावळ्याभोवती का जमतो? ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कॉनराड लॉरेन्झ यांनी १९४९ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात एक अनुभव नोंदवला आहे. त्यांनी कावळ्याच्या कुळातील जॅकडॉ हे पक्षी पाळले होते. एकदा त्यांनी खिशातून पोहण्याची काळी चड्डी बाहेर काढली, तोच ते पाळीव पक्षी संतापून त्यांच्यावर तुटून पडले. हातात लोंबणारी काळी वस्तू म्हणजे पकडला गेलेला आपला सोबती, असा त्या पक्ष्यांचा समज झाला होता. भुलावणीला हुबेहूब प्रतिकृती लागत नाही. नेमकी खूण पुरते.

(४)
२०१५ मध्ये अमेरिकेतील केली स्विफ्ट आणि जॉन मार्झलफ या संशोधकांनी याची पुढची पायरी दाखवली. मुखवटा घातलेली व्यक्ती मेलेला कावळा हातात घेऊन उभी राहिली की कावळे जमून कोलाहल करत. पुढे काही आठवडे ते तोच मुखवटा ओळखत आणि त्या जागी ठेवलेल्या अन्नाकडे येताना कचरत. म्हणजे जमाव हा केवळ शोक नसतो, ती धोक्याची शिकवणी असते. शेतात टांगलेल्या कावळ्याने आधी गर्दी आणि मग निर्जनता का येते, याचे उत्तर इथे मिळते.

(५)
कावळ्याला खेचणारी दुसरी भुलावणी म्हणजे घुबड. दिवसा उघड्यावर बसलेले घुबड दिसले की लहानमोठे पक्षी त्याच्याभोवती गोळा होऊन त्याला हैराण करतात. पारधी या सवयीचा उपयोग करून घुबडाच्या साहाय्याने पक्षी पकडतात, हे अॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवले. कावळा आणि घुबड यांच्या वैराचा उल्लेखही त्याने केला आहे. पुढे जर्मनीत शृंगी घुबड खांबावर बसवून, शेजारच्या झोपडीत दडून कावळ्यांवर बार काढण्याचा प्रघातच पडला. आज युरोप-अमेरिकेत त्याच कामासाठी प्लास्टिकचे घुबड आणि प्लास्टिकचे कावळे विकले जातात.

(६)
भारताला हे वैर नवे नव्हते. पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्राचे नावच ‘काकोलूकीय’, म्हणजे कावळे आणि घुबडे यांचे प्रकरण. त्यात एक वृद्ध कावळा आपल्याच लोकांनी मारून टाकून दिल्याचे सोंग करतो, घुबडांच्या आश्रयाला जातो आणि संधी मिळताच त्यांची गुहा पेटवून देतो. इथे कावळा स्वतःच भुलावणीचा पक्षी होतो. फरक एवढाच, की भुलवणारा आणि शिकारी एकच आहे, आणि मागे कोणी माणूस दडलेला नाही.

(७)
तरीही बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात भुलावणी लावून कावळा मारण्याची परंपरा रुजली नाही. त्याचे मांस खाण्याची रीत नव्हती आणि त्याच्याकडे पाहण्याची दृष्टीही निराळी होती. दहाव्या दिवशी पिंड ठेवून माणसे हात जोडून ज्याची वाट पाहतात, पितृपक्षात ज्याच्यासाठी घास काढून ठेवतात, तो हा पक्षी. इथल्या माणसाने कावळ्याला बोलावले, पण मारण्यासाठी नव्हे. भुलावणीची विद्या इथे वेगळ्याच पक्ष्यांवर आणि प्राण्यांवर पोसली गेली : तित्तर, लावा, काळवीट. तिचे जाणकार होते पारधी.

(८)
या विद्येचे सर्वांत जुने आणि सर्वांत हृद्य चित्र पाली जातककथांत आढळते. तित्तिर जातकात एक पारधी तित्तर पकडून त्याला शिकवतो आणि त्याच्या हाकेवर जमणारे इतर तित्तर धरतो. ‘माझ्यामुळे माझे भाऊबंद मरतात’ या विचाराने तो पक्षी एकदा गप्प राहतो. तेव्हा पारधी बांबूच्या काठीने त्याच्या डोक्यावर मारतो. वेदनेने पक्षी ओरडतो आणि ती ओरडही हाकच ठरते. पुढे एका तपस्व्याला तो विचारतो : हे पाप माझे आहे का? या प्रश्नाकडे शेवटी परत यावे लागेल.

(९)
जातककथांची भित्तिचित्रे ज्या अजिंठ्याच्या लेण्यांत आहेत, त्या लेण्यांची डोंगररांगच पुढे बुलढाणा जिल्ह्यात शिरते. जिल्ह्याचे दोन भाग स्वभावानेच वेगळे आहेत. दक्षिणेला बालाघाटाचे पठार : चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, लोणार. उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यातील पयनघाट : मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव. त्याच्याही पलीकडे सातपुड्याचा पायथा. पठारावरील मुरमाड, गवताळ माळ ही तित्तर, लावे आणि काळविटांची जागा. जंगलाचा शिकारी झाडाआड लपतो. उघड्या माळावर लपायला काही नसते, म्हणून तिथे भुलावणी लागते.

(१०)
बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मृगयेचे सविस्तर प्रकरण आहे. शिकवून तयार केलेले पाळीव हरीण पुढे करून रानटी हरणे जवळ आणण्याची रीत त्यात सांगितली आहे. ससाण्याकरवी केलेल्या शिकारीलाही त्यात स्वतंत्र स्थान आहे. दख्खनच्या दरबारात ही विद्या राजाच्या करमणुकीचा भाग मानली जात होती. ती जाणणारी माणसे मात्र दरबारातील नव्हती. हरीण शिकवणारे, फास विणणारे हात रानातले होते.

(११)
अकबराने १५९६ च्या सुमारास वऱ्हाड जिंकले. अबुल फझलच्या ‘आईने अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना मेहकर सरकारातील लोणारच्या खाऱ्या सरोवराची नोंद आहे. काच आणि साबण यांसाठी लागणारा क्षार तिथे मिळतो, असे तो लिहितो. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागात बादशाही शिकारीच्या तऱ्हा आहेत. पाळीव काळविटाच्या शिंगांना जाळे बांधून त्याला रानातल्या नरापुढे सोडत. झुंज जुंपली की रानातल्या नराची शिंगे जाळ्यात अडकत.

(१२)
पाणपक्ष्यांसाठी याहून नवलाची युक्ती तिथे दिली आहे. पंख, चोच आणि शेपटीसह सोललेल्या पाणपक्ष्याच्या कातड्याचा पोकळ पक्षी करायचा, त्याला पाहण्यासाठी दोन भोके ठेवायची आणि तो डोक्यावर चढवून गळ्याइतक्या पाण्यात उभे राहायचे. मग सावकाश थव्यात शिरून एकेक पक्षी पाण्याखाली ओढायचा. तित्तराची युक्तीही आहे : शिकवलेला पक्षी पिंजऱ्यात, भोवती घोड्याच्या केसांचे फास. त्याच्या हाकेवर रानातले पक्षी मैत्रीने किंवा भांडणासाठी येतात आणि अडकतात. जातकातली रीत आणि बादशाही रीत यांत शतकांचे अंतर आहे, पद्धतीचे जवळजवळ नाही.

(१३)
हेच फास ज्यांच्या नावात आहेत ते फासेपारधी. ‘पारध’ म्हणजे शिकार, ‘फासा’ हा संस्कृत ‘पाश’. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडातील जातीजमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पारध्यांचे पोटभेद दिले आहेत. फासे लावणारे ते फासेपारधी. चित्ता पाळून हरणे धरणारे ते चित्तेवाले. बैलाच्या आडून सावज गाठणारे ते गायके. जात्याला टाकी लावून पोट भरणारे ते टाकणकार. माणसांची ओळख कुळावरून किंवा गावावरून नव्हे, तर हातातल्या साधनावरून ठरलेली होती.

(१४)
तित्तराची भुलावणी प्रत्यक्षात कशी चाले? राखाडी तित्तर हा आपल्या हद्दीविषयी अतिशय जागरूक पक्षी. पहाटे आणि सांजवेळी तो खणखणीत हाक देऊन ही जागा आपली असल्याचे जाहीर करतो. पारधी अंड्यातून निघालेले किंवा लहानपणी धरलेले पिल्लू माणसाळवून वाढवी. उजाडण्यापूर्वी पिंजरा झुडपाशी ठेवी आणि भोवती बारीक खुंट्यांना बांधलेल्या फासांचे कुंपण करी. आतला पक्षी हाक देई. हद्दीचा धनी उत्तर देई, मग जवळून उत्तर देई, मग परक्याला हुसकावण्यासाठी धावत येई. पाय किंवा मान फासात जाई.

(१५)
म्हणजे तित्तराला भूक खेचून आणत नसे, अभिमान आणत असे. दाणे टाकून पक्षी धरणे कोणालाही जमेल. भुलावणीला त्या पक्ष्याचा स्वभाव ठाऊक असावा लागतो : तो कोणत्या महिन्यात भांडखोर असतो, कोणत्या हाकेला चिडतो, कोणत्या दिशेने चालत येतो, वारा कसा असला की येत नाही. लावा थव्याने येतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळी हाक आणि जाळे. काळविटाचा नर प्रतिस्पर्धी सहन करत नाही, म्हणून त्याच्यापुढे पाळीव नर. प्रत्येक भुलावणी म्हणजे त्या त्या जिवाच्या मनाविषयीचे एक सिद्ध झालेले विधान होते.

(१६)
बैलाची युक्ती याच विचाराची दुसरी बाजू. माळावर चरणाऱ्या बैलाला हरीण भीत नाही, तित्तर भीत नाही. शिकवलेला बैल खाली मान घालून, चरल्यासारखे करत, तिरपा तिरपा पुढे सरके. त्याच्या पोटाआडून पारधी चाले आणि हाताच्या स्पर्शाने त्याला वळवी. सावजाच्या वाटेवर फास मांडून झाले की त्याच बैलाच्या आडून ते हळूहळू त्या बाजूला ढकलता येई. इथे बैल सावजाला बोलावत नाही, फक्त त्याला निर्धास्त ठेवतो. भुलावणीचे हे दोन प्रकार : एक ओढून आणणारा, दुसरा सावध होऊ न देणारा.

(१७)
या विद्येचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. भुलावणीच्या पक्ष्याचे आयुष्य पिंजऱ्यात जाई. काही ठिकाणी, विशेषतः पक्षीबाजारासाठी पक्षी धरताना, भुलावणीच्या पक्ष्याच्या पापण्या शिवल्या जात. विसाव्या शतकात शहरांच्या मागणीने हा व्यापार वाढला, तेव्हा पोटापुरते धरण्याची मर्यादाही सुटली. क्रौर्य होते, ते झाकून इतिहास सांगता येत नाही. पण त्या क्रौर्याची मोजदाद कोणी, कोणत्या हातांची केली आणि कोणत्या हातांची केली नाही, हाही इतिहासच आहे.

(१८)
१८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे आला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. मुंबई-नागपूर लोहमार्ग मलकापुरावरून गेला. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंतची रेल्वे व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या उपस्थितीत सुरू झाली. त्याच वर्षी अल्फ्रेड लायलने वऱ्हाडचे गॅझेटियर सिद्ध केले. गवताळ पडीक जमीन नांगराखाली जाऊ लागली. वन कायद्यांनी उरलेल्या रानाभोवती सरकारी हद्द पडली. तित्तराच्या हद्दीचे भांडण माणसांच्या हद्दीच्या भांडणात बदलले.

(१९)
याच सुमारास एक वेगळी यादी तयार होऊ लागली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तरेकडील प्रांतांसाठी होता. १९११ च्या कायद्याने तो इतर प्रांतांना लागू करण्याची वाट मोकळी झाली आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्या घोषणेला न्यायालयात आव्हान देता येत नसे. माणसांची नोंदणी, बोटांचे ठसे, हजेरी, परवान्याशिवाय हालचालीस बंदी. सोलापूरची तारेच्या कुंपणातील सेटलमेंट याच व्यवस्थेतून उभी राहिली. पारध्यांचे अनेक गट या यादीत गेले आणि शिक्क्याची सावली सगळ्याच बेड्यांवर पडली.

(२०)
शिक्क्यामागचे तर्कशास्त्र पाहण्यासारखे आहे. जो माणूस पहाटेच्या अंधारात बाहेर पडतो, आवाज न करता चालतो, झुडपाआड तासन्‌तास बसतो, पक्ष्याची हाक हुबेहूब काढतो आणि एका गावी राहत नाही, तो चोरच असला पाहिजे. भुलावणीच्या शिकाऱ्याला लागणारा प्रत्येक गुण पोलीस नोंदवहीत दुर्गुण ठरला. रसेल आणि हिरालाल यांच्या ग्रंथाचेच पाहा. त्यात पारध्यांच्या फासांच्या कौशल्याचे बारकाईने वर्णन आहे आणि त्यांच्या गुन्हेगारीचेही. एकाच लेखणीने दोन्ही लिहिले आणि दोन्हींत विसंगती आहे असे तिला वाटले नाही.

(२१)
दुसरीकडे बंदूक सन्मानित होत होती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ती परवान्याची वस्तू झाली. तित्तर, लावे, बदके टिपणे हा साहेबांचा आणि संस्थानिकांचा खेळ होता. शिकारीच्या पक्ष्यांची संख्या घटू नये म्हणून १८८७ आणि १९१२ मध्ये पक्षीसंरक्षणाचे कायदे झाले. विणीच्या हंगामात बंदी, एरवी मोकळीक, असे त्यांचे स्वरूप होते. १९१२ च्या परिशिष्टात तित्तर, लावा, मोर, माळढोक, तणमोर होते. कावळा नव्हता. त्याला वाचवावे असे कोणालाही वाटले नव्हते.

(२२)
३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. तो दिवस आज विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. मात्र सराईत गुन्हेगारांविषयीचे प्रांतिक कायदे त्याची जागा घ्यायला होतेच आणि गावाच्या नजरेतील नोंदवही रद्द करण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याकडे नव्हता. त्याच वर्षी भारतातील चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत मात्र फासेपारधी, टाकणकार यांच्याबरोबर ‘चित्ता पारधी’ हे नाव आजही आहे. चित्ता गेला, त्याला शिकवणाऱ्यांचे नाव उरले.

(२३)
१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. शिकारीच्या आजच्या कायदेशीर व्याख्येत मारण्याबरोबरच फास लावणे, सापळ्यात धरणे, हाकारणे आणि आमिष दाखवणेही येते. लहान शिकारीचे आणि प्राणी पकडण्याचे परवाने प्रारंभी मिळत. १९९१ च्या दुरुस्तीने तीही दारे बंद झाली. पर्यावरणाच्या दृष्टीने हे आवश्यक होते. माळ उरले नव्हते, पक्षी उरले नव्हते. परंतु ज्यांची उपजीविकाच त्या विद्येवर होती, त्यांच्या हाती तिच्या जागी दुसरे काय दिले, या प्रश्नाचे उत्तर कायद्यात नव्हते.

(२४)
याच कायद्याला पाच क्रमांकाचे एक परिशिष्ट होते. त्याचे शीर्षक ‘उपद्रवी प्राणी’. उंदीर, घुशी, फळे खाणारी वटवाघुळे आणि कावळा. या यादीतील जीव मारण्यास परवाना लागत नसे. म्हणजे पितरांच्या नावाने हात जोडून बोलावला जाणारा पक्षी कागदोपत्री कोणीही, केव्हाही, कसाही मारावा असा होता. संपूर्ण जातीला एका शब्दाने झाकायचे आणि मग तिच्यातील एकाएकाची चौकशी करण्याची गरज उरत नाही, ही रीत पक्ष्यांच्या यादीच्या शंभर वर्षे आधी माणसांच्या यादीत वापरून झाली होती.

(२५)
माणसाची पक्ष्याशी तुलना करणे हा इथे हेतू नाही. तुलना याद्यांची आहे. वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. तिच्यात उपद्रवी प्राण्यांचे ते परिशिष्ट गळले. घाण आणि मेलेली जनावरे साफ करणारा कावळा उपयोगी आहे, हे शेतकऱ्याला ठाऊक होते. कायद्याला ते मान्य करायला पन्नास वर्षे लागली. पारधी बेड्यावरील मुलाला शाळेत, बसमध्ये, पोलीस चौकीत अजून जे ऐकावे लागते, ते पाहता माणसांची यादी पुसायला सत्तर वर्षेही पुरलेली नाहीत.

(२६)
भुलावणीची विद्या मात्र सगळीच वाया गेली नाही. बुलढाण्याला लागून असलेल्या अकोला आणि वाशीम जिल्ह्यांत तणमोर हा अत्यंत दुर्मीळ झालेला गवताळ माळावरचा पक्षी पावसाळ्यात येतो. विणीच्या काळात नर गवतावर उंच उड्या मारतो. एरवी तो दिसणे जवळजवळ अशक्य. अशा पक्ष्याचा माग काढायला दुर्बिणीइतकीच पिढीजात नजर लागते. कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या ‘संवेदना’ संस्थेने तिथल्या फासेपारध्यांना सोबत घेऊन तणमोराच्या आणि त्याच्या माळांच्या रक्षणाचे काम उभे केले.

(२७)
या कामात काय बदलले आणि काय बदलले नाही, हे नीट पाहावे. पहाटे उठणे तेच, आवाज न करता चालणे तेच, कोणत्या गवतात कोणता पक्षी बसेल याची जाण तीच. बदलला तो फक्त शेवटचा क्षण : फास आवळण्याऐवजी नोंद करण्याचा. ज्या गुणांना एका नोंदवहीने गुन्ह्याचा पुरावा मानले, त्याच गुणांवाचून पक्षी वाचवणाऱ्यांचे काम अडते. ज्ञान मूळचे पापी किंवा पुण्यवान नव्हते. ते कोणाच्या हाती, कोणत्या गरजेपोटी आणि कोणत्या मोबदल्यावर होते, एवढाच प्रश्न होता.

(२८)
आता जातकातील त्या तित्तराकडे परतता येते. ‘माझ्या हाकेने माझे भाऊबंद मरतात, हे पाप माझे का?’ तपस्वी उत्तर देतो, की मनात तो हेतू नसेल तर पाप चिकटत नाही. बांबूच्या धाकाने दिलेली हाक ही त्या पक्ष्याची निवड नव्हती. कथेच्या शेवटी बुद्ध सांगतात, की तो तित्तर म्हणजे राहुल आणि तपस्वी म्हणजे स्वतः आपण. हाक कोणी दिली यापेक्षा ती कोणी द्यायला लावली, हे कथेने विचारले. १८७१ च्या आणि १९११ च्या कायद्यांनी ते कधीच विचारले नाही.

(२९)
चिखली-मेहकरच्या उरलेल्या माळांवर आजही पहाटे तित्तराची हाक ऐकू येते आणि दुसऱ्या टोकाकडून तिला उत्तर येते. आता ती हाक बहुतेक वेळा पिंजऱ्यातून आलेली नसते. दशक्रियेच्या घाटावर माणसे अजूनही पिंडाकडे बघत कावळ्याची वाट पाहतात आणि तो लवकर आला नाही की अस्वस्थ होतात. पक्षी बोलावण्याची विद्या या मातीत जुनी आहे. ती सर्वांत चांगली ज्यांना येत होती, त्यांना मात्र याच मातीवर अजून कोणी हक्काने बोलावत नाही.